पेन्सिलीनं लिहिलेला सरळकोन

ठोसरबाईंच्या सुनेचा, मृण्मयीचा, मेसेज आला तेव्हा मी ट्राममध्ये होते, मांडीवर कोथिंबिरीची पिशवी. ‘आई आज पहाटे गेल्या.’ मी पुढच्याच थांब्यावर उतरले... का उतरले, माहीत नाही. लिहायला लाज वाटते, पण खोटं बोलण्याचा आता कंटाळा आलाय, म्हणून सांगते. आधी रडू आलं नाही, हायसं वाटलं. माझी शाळा सातवीत सुटली, हे या देशात माझ्या नवऱ्याखेरीज फक्त बाईंना माहीत होतं. आता ते त्यांच्याबरोबर गेलं, असं मला त्या थांब्यावर वाटलं.

बाई जन्मभर भूमिती शिकवून निवृत्त झालेल्या आणि अ‍ॅमस्टेलव्हीनला मुलाकडे राहायला आलेल्या, आमच्याच बिल्डिंगमध्ये, दोन मजले वर. इथं हळदीकुंकवाला जमणाऱ्या बायका कुणी इंजिनिअर, कुणी एम.बी.ए. ‘तुझं शिक्षण?’ असं कुणी विचारलं की मी उसळ गरम करायला स्वयंपाकघरात पळायची. माझी मुलगी सई आठ वर्षांची असताना तिनंही विचारलं होतं, आई, तू कुठल्या कॉलेजला होतीस? मी ‘पुण्यात’ म्हणून मोकळी झाले. एकदा बोललेलं खोटं मग रोज सांभाळावं लागतं, उतू जाणाऱ्या दुधासारखं. सई ग्रुप आठमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या सहावीत गेली, भूमिती सुरू झाली आणि ती वही घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. दुसऱ्या दिवशी मी वर गेले आणि बाईंना सगळं सांगून टाकलं. ‘मला कोन शिकवाल? पण सईला कळू देऊ नका.’

‘शिकवीन की,’ बाई म्हणाल्या. ‘चहा मात्र तू करायचास. सूनबाई ग्रीन टी देते. तो चहा नव्हे, काढा आहे.’

मंगळवारी सकाळी घरात कुणी नसलं की आमची शाळा भरायची. बाईंना कंपासपेटी लागत नसे. सुपरमार्केटची पावती घ्यायच्या, वेडीवाकडी फाडायच्या, एक घडी घालायच्या, मग त्या घडीची कड तिच्याच कडेवर ठेवून दुसरी. ‘हा काटकोन. विकत आणावा लागत नाही.’ लघुकोन म्हणजे, त्या म्हणायच्या, तू बसतेस तसा, अंग चोरून. विशालकोन म्हणजे आमचे चिरंजीव, सोफ्यावर मॅच बघताना. ट्रामचे रूळ समांतर. इष्टिकाचिती हा शब्द ऐकून मी घाबरले तर त्यांनी मला खिडकीशी नेलं. ‘इष्टिका म्हणजे वीट. समोर घरं कशाची आहेत? अख्खा देश इष्टिकाचितींचा आहे, आणि घाबरतेस काय!’ माझ्या वहीत त्या बरोबरची खूण करायच्या, पण शाबास कधी लिहीत नसत. मी एकदा लाडानं शाबासकी मागितली. ‘बरोबर आलं त्याला शाबासकी कसली?’ एवढंच म्हणाल्या.

आणि नवल म्हणजे, मी मंगळवारी जे शिकायची तेच सई गुरुवारी विचारायची. मी त्याला नशीब म्हणत होते... एका गुरुवारी तिनं शाळेतला डच शब्द विचारला, ‘रेख्ते हूक म्हणजे?’ हूक म्हणजे कोन, हे ठाऊक होतं. आणि बसचा ड्रायव्हर सरळ जा म्हणताना ‘रेख्तडोर’ म्हणतो. म्हणजे रेख्ते हूक सरळकोनच की! मी ऐटीत सांगितलं, एकशे ऐंशी अंश. सईनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि लिहून घेतलं. पुढच्या मंगळवारी मी ही शौर्यकथा बाईंना ऐकवली. त्यांनी चष्मा काढला, पदरानं बराच वेळ पुसला, आणि ‘हं’ म्हणाल्या.

बाई गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात मृण्मयी खाली आली. ‘सईची वही आमच्याकडे राहिली होती.’ बुधवारी शाळा लवकर, दुपारीच सुटते, तेव्हा सई त्यांच्या नातीशी खेळायला वर जायची. निदान मी तसं समजत होते. वहीत डावीकडे सईच्या अक्षरात डच शब्द होते, उजवीकडे बाईंच्या अक्षरात मराठी, आणि प्रत्येक पानाखाली, ‘आईला उद्या हे विचार.’ शेवटच्या पानावर लिहिलं होतं : ‘रेख्ते हूक म्हणजे काटकोन. आईने सरळकोन सांगितला. सईने दुरुस्त केले नाही. शाबास.’

सई शाळेतून आल्यावर मी वही पुढे ठेवली. तिला मराठी सगळं समजतं, वाचताही येतं, पण बोलते इंग्रजीतच.

‘माझ्यासमोर एकशे ऐंशी लिहिलंस ना?’

‘पेन्सिलीनं,’ ती म्हणाली. ‘शाळेत खोडलं.’

‘मी बाईंकडे शिकत होते, हे केव्हापासून माहीत आहे तुला?’

‘पहिल्यापासून. बाई म्हणाल्या, मला कळलंय हे तुला कळलं तर तू त्यांच्याकडे जायचं बंद करशील.’

ते खरंही असेल. बाईंमुळे मला कोन कळतात, दुकानात खोकं बघून त्याचं नाव मनात येतं, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण परक्या देशात मी एकाच माणसापुढे खरं बोलले, आणि त्या माणसानं त्याचा माझ्या मुलीला गृहपाठ दिला. मी टेचात उत्तरं देत होते तेव्हा समोरची पोर मला सांभाळून घेत होती. मी मागूनही न मिळालेली शाबासकी मला फसवल्याबद्दल तिला मिळाली. आणि भांडायला जायचं तर वर बाई नाहीत.

त्यानंतर सईनं एकही प्रश्न विचारला नाही. गेल्या शनिवारी धुण्याआधी तिच्या जॅकेटचे खिसे तपासले, तर वेडीवाकडी फाडलेली, दोन घड्या घातलेली पावती निघाली. तशीच एक माझ्या पर्समध्येही असते. मी दोन्ही काटकोन टेबलावर कोपऱ्याला कोपरा लावून ठेवले. खालच्या कडा एका रेषेत आल्या. सई पाणी प्यायला आली, थांबली, वाकून बघितलं.

‘सरळकोन,’ ती म्हणाली. मराठीत.

शाबास अगदी ओठांवर आलं होतं. दिलं नाही... दोन्ही पावत्या मात्र अजून तशाच आहेत. आम्ही ताटं बाजूला सरकवून जेवतो.