ओढ्यापलीकडून आलेली हाक

आन्सेल्मो तिबादुइसा सैन्यात गेला तो पराक्रम गाजवायला नव्हे. सक्तीची भरती आली, आणि शहरातल्या पोरांसारखी सुटायची अक्कल डोंगरावरच्या एल चोर्रोत कुणालाच नव्हती. थोरली बहीण एर्मेन्सिया त्याला ट्रकपर्यंत सोडायला गेली. आई गेल्यापासून तिनंच त्याला वाढवलं होतं. त्याच्यापायी दूधगाडीवाल्याचं चांगलं स्थळही तिनं परतवलं होतं.

“ताई, रडताय कशाला? वर्षभराचा तर प्रश्न आहे.”

“कोण रडतंय? वारा झोंबतोय डोळ्यांना. तुम्ही आपला गळा झाका.”

वर्ष सरलं, पण सैन्य आन्सेल्मोच्या अंगवळणी पडलं होतं. अडलेल्या गायीचं वासरू हात घालून सोडवलेला पोरगा, त्याला रक्ताचं भय नव्हतं. साहेबांनी त्याला जखमींवर उपचार करायला शिकवलं आणि पुढे कमांडोंच्या पथकात घेतलं. त्या शिक्षणातून निम्मेअधिक जण पळून आले, हे एर्मेन्सियाला शेजाऱ्यांकडून कळलं. हा पठ्ठ्या काही बोलेल तर शपथ.

“इतके महिने जंगलात करता काय तुम्ही?”

“डास पोसतो, ताई. सरकारी नोकरी आहे.”

नाताळात तो घरी आला की अंगणात रांग लागायची. कुणाला इंजेक्शन, कुणाची जखम धुवायची. शेजारचे म्हातारे क्रिसोस्तोमो, ज्यांना सगळे मानानं ‘डॉन’ म्हणत, ते सगळ्यांच्या पुढे.

“अहो डॉक्टर, आमचा गुडघा बघा की!”

“तुमच्या गुडघ्याला औषध नको, डॉन क्रिसोस्तोमो. तोंडाला कुलूप हवं. पोट केवढं वाहतोय तो बिचारा!”

म्हातारा सगळ्यांत मोठ्यानं हसायचा.

पुढच्या पावसाळ्यात, सकाळच्या धारा काढायच्या वेळी, हिरवी जीप फाटकाशी थांबली. एक अधिकारी उतरला आणि त्याच्यामागून पाद्री. एर्मेन्सियानं दोघांना पाहिलं, पण हात थांबवले नाहीत. धार थांबली की ते बोलतील, असं तिला वाटत होतं. शेवटी गायच आटली.

“शत्रूशी लढता लढता सार्जंट तिबादुइसा...” अधिकारी सांगू लागला.

शवपेटी आली ती खिळे ठोकूनच. बँड वाजला, अल्काल्देनं, म्हणजे गावच्या नगराध्यक्षानं, भाषण केलं, शाळेला शहीद आन्सेल्मोचं नाव देऊ म्हणाला. एर्मेन्सिया घोंगड्यात हात खुपसून उभी होती. पेटी उघडता का, एवढंच तिनं हळूच विचारलं. उघडली नाही.

काही महिन्यांनी त्याच्या पथकातला यामिद नोकरी सोडून आला. तिनं गुळाचं गरम पाणी आणि चीज पुढे ठेवलं. त्यानं हात लावला नाही.

“ताई, तुम्हाला खोटं सांगितलंय. लढाई संपली होती. ओलीस धरलेली माणसं आम्ही सोडवली होती, हेलिकॉप्टर यायचं होतं. ओढ्यापलीकडे बंडखोरांतली एक पोरगी पडली होती, मांडी फाटलेली. आईला हाका मारत होती. साहेब म्हणाले, राहू दे. आन्सेल्मो पिशवी घेऊन उठला. तिचा पाय बांधला, आणि उचलायला माणसं न्यायला परत येत होता. तिच्याच लोकांनी पुरलेल्या सुरुंगावर त्याचा पाय पडला.”

चुलीवरचं दूध उतू गेलं. एर्मेन्सिया जागची हलली नाही.

“म्हणजे त्यांच्या पोरीसाठी.”

“हो.”

“आणि ती?”

“जगली. मीच उचलून आणली. नाहीतर तो फुकट गेला असता.”

“चालते व्हा माझ्या घरातून.”

यामिद उठला. फाटकापर्यंत पोचला तेव्हा मागून तिनं विचारलं, “केवढी होती?”

“सोळाची असेल.”

“या, बसा. ते पाणी गार झालं, दुसरं देते.”

पोरीचं नाव लूस दारी. बरी झाल्यावर बंडखोरी सोडून ती खाली सपाटीवरच्या व्हियाविसेन्सिओ शहरात एका शिंप्याकडे काजं-बटणं करायची. एर्मेन्सिया यामिदला घेऊन बसनं गेली. काय बोलायचं ते वाटेत शंभरदा घोळवलं होतं. कडक बोलायचं होतं. समोर आली ती काठी टेकत चालणारी किडकिडीत मुलगी.

“ते मला म्हणाले, ‘तुमचं नाव काय? तुम्हाला कुठं दुखतंय?’” लूस दारी खाली बघत म्हणाली. “मला वाटलं, चेष्टा करतायत. मला कधी कुणी ‘तुम्ही’ म्हटलंच नव्हतं.”

“आमच्याकडे कोंबडीलासुद्धा तुम्ही म्हणतात,” एर्मेन्सिया म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. पेटीसमोर आलं नव्हतं ते सगळं त्या शिंप्याच्या दुकानात आलं.

तिनं पोरीला जवळ घेतलं नाही. माफ केलं असंही म्हणाली नाही. घरून आणलेली बटाट्याची पिशवी ठेवली आणि परतीची बस धरली.

वर्षश्राद्धाच्या मिसाला, चर्चमधल्या प्रार्थनेला, अल्काल्दे पुन्हा शत्रू, रणांगण असं बोलू लागला. एर्मेन्सिया पुढच्या बाकावरून उठली.

“लढताना नाही गेले ते. त्यांच्या एका पोरीचा पाय बांधायला गेले होते.”

डॉन क्रिसोस्तोमोंचा पुतण्या त्याच लोकांनी मारला होता. ते उठून उभे राहिले.

“त्या लोकांसाठी?”

“हो, डॉन क्रिसोस्तोमो. त्या लोकांसाठी.”

म्हातारा टोपी घालून बाहेर पडला आणि पुढे तिच्याशी कधी बोलला नाही. शाळेला नाव काही लागलं नाही. त्याचं तिला फारसं वाटलं नाही. तिच्या मनात एकच गोष्ट घर करून राहिली. यामिद भेटीला आला की ती त्याला हमखास विचारायची, “परतताना जरा खालच्या अंगानं ओढा ओलांडला असता तर?”

आणि तो दर वेळी म्हणायचा, “ठाऊक नाही हो, ताई.”