बिनखुणेचं अंडं

अंडी विकताना अक्का अक्का करता आणि आता फोन केला की आमच्या तेलंगणात बंद आहे म्हणता. बंद रस्त्यावर आहे, तोंडाला नाही.

ग्रुपमधल्या कडकनाथवाल्या भाऊ, तुमची सगळी अंडी मी कोळशानं खूण करून खुडूक कोंबडीखाली ठेवली होती. आज सकाळी त्यात एक बिनखुणेचं निघालं. खुडूक बसलेली कोंबडी अंडं घालत नाही, आणि घरात दुसरी कोंबडी नाही. खुराड्याला कडी होती.

टॉर्च लावून बघितलं तर आत काहीच नाही. कानाशी नेलं तर पिल्लू बोलतंय.

आता कोंबडी तुमची अंडी लोटून त्या एकट्यावरच बसलीय. मी काढायला गेले तर आमचे मालक म्हणतात, "हात लावू नको गे, ते आपल्या घरचं नाही."

बाकीची गार पडायला लागलीत. ते काढू का नको? उद्या शुक्रवारी दुपारच्या आत सांगा, कुणीही सांगा.