मुळ्यांची दाटी

सिस्टर, हे वाचून तू नाक मुरडशील. खुशाल मुरड. 'तू तू' करत लिहायला बसले तर पानभर भांडणच होईल, म्हणून परक्या बाईबद्दल लिहावं तसं लिहिते.

तर ही बाई. उभा जन्म बाळंतिणींच्या वॉर्डात गेला. घरीदारी सगळे तिला सिस्टरच म्हणत. नवरा होता तोवर तोही. नोकरी संपल्यावर ती लेकाकडे राहायला आली, पण ड्युटी संपल्याचं तिच्या पायांना कुणी कळवलंच नाही. स्वयंपाकघरात गेली की सून म्हणे, "आई, तुम्ही बसा हो." तेच तर जमत नव्हतं. शेवटी तिनं गच्चीचा एक कोपरा धरला. लाकडी खोकी, माती, शेणखत आणि पहिलं पीक मुळा. कारण तो लवकर येतो आणि हिला धीर नाही.

लेक म्हणाला, "आई, तिथे नवी पाण्याची टाकी बसवायचीय. पण तुझे मुळे आले तर टाकी दुसरीकडे, जा." त्याला गंमत वाटत होती. तिला नाही. त्या घरात तिचं म्हणावं असं तेवढंच होतं.

तिनं मुठीनं बी फेकलं आणि जिना झिजवायला लागली. कोंब आले ते एकमेकांच्या अंगावर पडत. थोरली जाऊ, म्हणजे हे लिहिणारी, बघायला गेली होती.

"दाटी झालीय. चार बोटं अंतर ठेव, मधले उपटून टाक."

"ताई, अहो, धडधाकट आहेत सगळे."

"असू देत. मुळा पोसायला जागा नको?"

"वॉर्डात जागा नसली तर आम्ही एका पाळण्यात दोघांना निजवायचो. परत कुणाला पाठवलं नाही."

"ती बाळं होती. हा मुळा आहे."

तिनं एकही उपटला नाही. उलट राउंड वाढवले. सकाळी पाणी, दुपारी पाणी, जेवता जेवता उठून पुन्हा वर. पाला असा माजला की सून कौतुकानं बघायला आली. लेकानं एक ओढून काढला. खाली नुसती सुतळी.

"आई, हा मुळा की उंदराचं शेपूट?"

"पाल्याची भाजी करू ना," सून हसू दाबत म्हणाली.

सिस्टर तरातरा खाली गेली, तशीच वर आली. "टाकीवाल्याला थांबव. पुन्हा पेरते."

लेक थांबला. कोंब पुन्हा तसेच, खेटून. या खेपेला तिला सगळं कळत होतं. बोटं कोंबापर्यंत जायची आणि रिकामी परत यायची. ओढवत नाही तर कापून बघावं, म्हणून तिनं जावेला फोन केला.

"ताई, तुमची ती बारीक टोकाची कात्री द्याल? आमच्याकडच्या सगळ्या बोथट."

"ने की. का मीच येऊन कापू?"

"नको नको. मीच कापीन. उद्या येते न्यायला."

दुसऱ्या दिवशी फोन आला, उद्या नक्की. मग पुन्हा उद्या. तिकडे पाला वाढतच होता.

टाकी बसली, सिस्टर. आता त्या कोपऱ्यात धड उभंही राहता येत नाही, तरी तू दिवसातून दहादा वर जातेस, असं सून सांगते. माझ्या बाल्कनीत ऊन भरपूर येतं. आणि कात्री अजून दारामागच्या खिळ्यालाच आहे. तू न्यायला येणार होतीस.