रतनबाईची आरवणारी कोंबडी

"१४ मे २०२४, मंगळवार. बेलापूर. बोटावरची कालच्या मतदानाची शाई तशीच आहे. सकाळी सव्वासहाला रतनबाईची तांबडी कोंबडी तीनदा आरवली. सात वाजता स्नेहलला रक्तस्राव सुरू झाला."

रोजच्या वहीत एवढंच लिहून मी धावले. अक्षर वाकडं आलं आहे.

रतनबाई माझी शेजारीण, भिंतीला भिंत. वय अठ्ठावन्न. नवरा सहादेव गेल्यापासून गावरान अंडी विकून तिने मुलाला, गोरक्षनाथला, वाढवलं. मुठीच्या पोकळीतून अंडं उन्हाकडे धरून ती नासकं ओळखते. तिची चूक झालेली मी पाहिली नाही. पण कोंबड्यांविषयी तिच्या समजुती पक्क्या. कोंबडा नसेल तर कोंबडी अंडं देत नाही. तांबड्या कवचाच्या अंड्यात ताकद जास्त. अंडं उष्ण, म्हणून पोटुशा बाईला वर्ज्य. माझे पती जनावरांच्या दवाखान्यात होते. त्यांनी हे सगळं तिला समजावून पाहिलं होतं.

"साहेबांनी कोंबड्या पुस्तकात पाळल्या, मी दारात," असं ती वर म्हणायची.

घरात टोपलीभर अंडी असूनही नऊ महिन्यांत सुनेच्या, स्नेहलच्या, ताटात एक पडलं नाही. तिच्या अंगात रक्त कमी आहे, हे नर्सबाई दोनदा सांगून गेल्या होत्या.

आणि कोंबडी आरवली की घरातलं माणूस जातं, ही तर सगळ्यांत घट्ट समजूत.

मी पोहोचले तेव्हा गाडी दारात उभी होती. स्नेहल भिंतीला टेकलेली, गाऊन खालून भिजलेला, ओठ पांढरे. आणि रतनबाई दोन्ही हातांनी चौकट धरून उंबऱ्यात बसलेली.

"आये, सर ना बाजूला! श्रीरामपूर धा मिन्टावर हाय," गोरक्षनाथ ओरडत होता.

"न्हाई जाऊ द्यायची. आज भाईर पडली तर माघारी यायची न्हाई. तुझा बापबी कोंबडी आरवल्यावरच भाईर पडला हुता."

"अहो रतनबाई, कोंबडी म्हातारी झाली, अंडी द्यायची थांबली, की कधी कधी नरासारखी आरवते," मी म्हटलं. "दुसरं काही नसतं."

"तुमचं शिक्षान ऱ्हाऊ द्या, बाई. वही आना. वही म्हनंल तसं करीन."

माझ्या वहीवर तिचा भारी विश्वास. गोरक्षनाथची शाळेतली जन्मतारीखसुद्धा माझ्या वहीतूनच गेली आहे. मी २००९ सालची वही आणली. ऑगस्टची पानं काढली.

सापडलं. "३ ऑगस्ट, सोमवार. रतनबाईची काळी कोंबडी सकाळी आरवली." त्याखाली, "४ ऑगस्ट, मंगळवार. सहादेव विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेले."

तिला बरोबर आठवत होतं. क्षणभर मलाही वाटलं, नको, या मुलीला आज बाहेर नेऊ नये.

वहीत मी आजवर खोटं लिहिलेलं नाही. त्या सकाळी मी खोटं वाचलं.

"सहादेव गेले चार तारखेला. कोंबडी आरवली बारा तारखेला."

"मागनं?" रतनबाई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "आठ दिस मागनं?"

गोरक्षनाथ माझ्या खांद्यावरून वाकला होता. त्याची नजर त्या दोन ओळींवरून फिरली आणि त्याचा चेहरा उतरला.

"व्हय, आये," तो म्हणाला. "बाराच लिव्हलंय."

रतनबाईचे हात चौकटीवरून खाली आले. गाडी गेली, तीही गेली, अनवाणीच.

मी त्यांच्या ओट्यावर बसून राहिले. नऊला फोन लावला, कोणी उचलला नाही. दहाला कोंबडी पुन्हा आरवली. तिच्या आरवण्याचं कारण मला ठाऊक होतं, तरी मी दोन्ही कान दाबून धरले. घरात ठेवली असती तर पोर रक्त जाऊनच मेली असती, हे मी स्वतःला सांगत होते. पण ती माझ्या शब्दावर बाहेर पडली होती, आणि शब्द खोटा होता. अकराला फोन, बाराला फोन.

साडेचारला गोरक्षनाथचा आवाज आला. "काकू, मुलगी झाली. स्नेहलला तीन पिशव्या रक्त चढवलं. आत्ता डोळं उघडलं तिनं. डॉक्टर म्हनल्या, अजून अर्धा तास गेला असता तर..." मग हळूच म्हणाला, "आईला वहीतलं ते कधी सांगू नका."

तेवढ्यात रतनबाईने फोन ओढून घेतला.

"बाई, तुमच्या वहीनं वाचिवलं बघा! आन ही डॉक्टरीन मलाच बोलती, अंडी इकता आन सुनंला चारत न्हाई व्हय म्हनून. तुमीच सांगा आता, कुनाचं ऐकायचं?"

"डॉक्टरीणबाईंचं ऐका," मी म्हटलं.

संध्याकाळी वही उघडली. सकाळी काय वाचलं ते लिहायचं म्हणून बराच वेळ पेन धरून बसले. ते लिहिलंच नाही. फक्त एवढंच लिहिलं, "रतनबाईकडे सकाळच्या गडबडीत तसंच राहिलेलं एक लिटर दूध नासू नये म्हणून तापवून ठेवलं."