सी-फाइव्हचं पाकीट

ते कार्ड पाकिटात बसत नव्हतं. मी स्वतः घालून बघितलं होतं, आणि तरी "बसतं" म्हणालो. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

कुवेतच्या राई भागातल्या एका छापखान्यात मी कटिंग मशीनवर आहे. मावसभावाला इथे मीच आणलं. मुदीरकडे, म्हणजे आमच्या मॅनेजरकडे, शब्द टाकला. सुरुवातीला तो आमच्याच घरी हॉलमध्ये झोपायचा. वाटलं होतं, माझ्या हाताखाली राहील. तो गेला काउंटरवर. गिऱ्हाइकांची थट्टा करता करता त्याने अरबी उचललं. माझी गाडी अजून "बुकरा", म्हणजे उद्या, आणि "खलास"च्या पुढे गेलेली नाही. मुदीर सकाळी दारातूनच त्याला हाक मारायचे. मी आत ब्लेड पुसत ऐकायचो.

पण खरी आग लागली ती घरी. शुक्रवारी जेवणं झाल्यावर मुलीने मला विचारलं, "बाबा, व्हाय इज इट कॉल्ड ए-फोर?"

"साइजचं नाव आहे ते," मी म्हटलं.

भावाने तिचा मोठा चार्टपेपर जमिनीवर पसरला. "हा समज ए-झीरो. घाल मधोमध घडी. झाला ए-वन. अजून घाल. चार घड्या म्हणजे ए-फोर. आणि बघ, ठेवण तीच, नुसता लहान होत जातो. पाकिटाचं अक्षर सी. ए-फोर न दुमडता घालायचा तर सी-फोर, एक घडी घातलीस तर सी-फाइव्ह. नंबर जुळला की जोडा जमला!"

"लाइक मॅरेज?"

"तर! आणि पत्रिकासुद्धा बघायला नको."

ती खिदळली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, यू नेव्हर टोल्ड मी."

मी रोज तेच कागद कापत होतो. हे सगळं मला येत होतं. कुणाला सांगावं असं त्यात काही आहे, हेच कधी सुचलं नव्हतं. "भावोजी, तुम्ही मास्तर व्हायला हवं होतं," बायको म्हणाली. मी उठून बेसिनवर जाऊन पुन्हा हात धुतले.

त्यानंतर काही दिवसांनी एका कुवेती घरातलं लग्नकार्डाचं काम आलं. कार्ड ए-फाइव्हच, पण जाड पुठ्ठ्याचं, वर मखमल आणि रिबनचं फूल. भावाने पाकीट ठरवलं सी-फाइव्ह. नंबर जुळत होता. पण या नावांत लांबी-रुंदी असते, जाडी नसते. असल्या फुगीर कार्डाला त्याहून जरा मोठं, बी-फाइव्हचं पाकीट लागतं. म्हणूनच आमच्याकडे रीत आहे: पाकिटांची ऑर्डर देण्याआधी नमुन्याचं कार्ड कटिंगच्या टेबलावर येतं. तिथल्या माणसाने ते पाकिटात घालायचं, झडप दाबायची आणि काउंटरला सांगायचं, बसतं की नाही. काम तोंडी चालतं.

"दादा, बसतंय ना?" त्याने बाहेरून विचारलं. अर्दिया भागातला पाकीटवाला फोनवर थांबला होता.

कार्ड निम्मं आत जाऊन अडकलं होतं. पाकिटाची कड ताणून पांढरी पडली होती, आणखी रेटलं असतं तर फाटलीच असती.

"बसतं की," मी म्हणालो.

"जमला जोडा!" तो फोनवरच्या माणसाकडे वळला. मी ते पाकीट कात्रणांच्या पोत्यात खाली खोल दाबलं.

लग्नघरच्यांनी खोकी परत आणली तेव्हा बरीच पाकिटं बाजूने उसवली होती. मुदीरकडे जाण्याआधी भाऊ आत माझ्यापाशी आला. "दादा, तू घातलं होतंस ना?"

"मी घातलं त्याला रिबन नव्हती," मी म्हणालो. हे दुसरं खोटं.

"हां. मग मीच परत बघायला हवं होतं."

काचेच्या केबिनमधला मुदीरचा आवाज आमच्या मशीनपर्यंत येत होता. माझं नाव येईल म्हणून मी थांबून राहिलो. आलं नाही. नमुना आत पाठवायचा राहिला, असं भावाने सांगितलं. मुदीरनी त्याला काउंटरवरून काढून आमच्या सुलैबियाच्या गोदामात पाठवलं. काउंटरवर मी नाही, दुसराच कुणी आला.

वाटलं होतं, आता तरी आग विझेल. परवा कागद आणायला गोदामात गेलो, तर तिथले हमालही त्याच्याभोवती हसत बसलेले. लांबूनच मला बघून तो ओरडला, "या दादा! चहा घ्या!" आणि माझी आग पुन्हा पेटली. चहा मात्र मी प्यायलो.

काउंटरची जागा मी त्याला परत देऊ शकत नाही. मी त्याचं एक वाक्य देणं लागतो, तेही मुदीरच्या केबिनमध्ये, तो शेजारी उभा असताना: नमुना माझ्याकडे आला होता, कार्ड बसत नव्हतं, आणि ते मला दिसलं होतं. ते अजून दिलेलं नाही.