टाचेखालचं पान

गोल्फचा फटका मारताना माझा भार मागच्या पायावरच राहतो, असं माझी काठ्यांची पिशवी वाहणारे आमचे म्हातारे कॅडी सदूभाऊ म्हणाले. मला पटलं नाही. त्यांनी माझ्या मागच्या, उजव्या टाचेखाली वाळकं पान सरकवलं.

"फटक्याबरोबर टाच उचलली, तर वाऱ्याने उडेल, साहेब."

थट्टा तर करत नाहीत ना, म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग फटका मारला. पान जागच्या जागी.

जावई आग्रहाने घरात बोलावतो, तेव्हाही याला काय हवं असेल ते ताडत मी उंबऱ्याशी असाच मागच्या पायावर भार ठेवून उभा असतो.

दुसऱ्या फटक्याला अंग पुढे झोकून दिलं.

"लांब गेला," सदूभाऊ म्हणाले.

चेंडू मी पाहिलाच नाही. पान खरंच उडालं का, ते मागे वळून बघत होतो.