बुडाला लागलं!

माझ्या सासूबाईंचं नाक तापात गेलं. म्हणजे नाक जागच्या जागी आहे, चांगलं धारदार आहे, आणि त्याच्या शेंड्यावरचा राग तर पूर्ण शाबूत आहे. गेला तो फक्त वास. डॉक्टर म्हणाले, परत येईल किंवा येणारही नाही. सासूबाई म्हणाल्या, "न येईना का! शिवणकामाला वास कशाला हवा?"

शिवणकाम म्हणजे त्यांचं सगळं काही. दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत मशीन, मोठा आरसा आणि दोरीवर टांगलेले गिऱ्हाइकांचे कपडे, मागच्या खोलीत स्वयंपाक आणि झोपणं. सासरे लवकर गेले. त्यानंतर याच मशीनवर सासूबाईंनी माझ्या बायकोला वाढवलं, शिकवलं आणि शेवटी माझ्यासारख्याच्या गळ्यात बांधलं, असं त्या मला अजूनही ऐकवतात.

पण एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला, बटण तसंच चालू राहिलं, आणि सासूबाई पुढच्या खोलीत निवांत काजं करत बसल्या. वास खालच्या मजल्यापर्यंत पोचला, त्यांच्यापर्यंत नाही. शेजाऱ्यांनी दार बडवलं म्हणून निभावलं. त्याच संध्याकाळी माझ्या बायकोने सिलिंडर घराबाहेर काढला आणि फर्मान सोडलं, "आई, पुरे झालं. आता आमच्याकडे राहायला यायचं."

"आणि माझी मशीन?"

"बाल्कनीत ठेवू."

"मशीन बाल्कनीत. मग मला कुठे ठेवशील, कुंडीत?"

मायलेकींचं असं जुंपलं की मध्ये पडायची माझी छाती होईना. तरी तोडगा मीच काढला: इंडक्शनची शेगडी. गॅस नाही, ज्योत नाही, भांडं उचललं की काम बंद. बायको नाइलाजाने तयार झाली, पण अट घालून. रविवारी दुपारी आईने त्या शेगडीवर आम्हाला साधं जेवण करून वाढायचं. जमलं तर ती तिच्या घरी राहील. नाही जमलं तर सोमवारी सामान हलवायचं.

"बघच तू," सासूबाई म्हणाल्या.

शनिवारी सकाळी त्यांचा फोन आला. "जावईबापू, तुमच्या शेगडीने माझ्याशी कट्टी घेतलीय. भांडं ठेवलं की टीं टीं करते आणि गप्प बसते!"

मी गेलो, तर स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळा संसार जमिनीवर मांडलेला. मी आपलं ज्ञान पाजळलं, "आई, ज्या भांड्याला लोहचुंबक चिकटतं, तेच हिला चालतं."

"मग आधी नाही का सांगायचं!" म्हणत त्या मशीनकडे धावल्या. खाली सांडलेल्या टाचण्या गोळा करायला त्यांच्याकडे मुठीएवढं लोहचुंबक आहे. त्यांच्या भाषेत टाचणी त्याला चिकटत नाही, 'लागते'. ते घेऊन त्या भांड्यांवर तुटून पडल्या. ॲल्युमिनियमच्या कुकरला लागलं नाही. पितळी पातेल्याला लागलं नाही. स्टीलच्या एका डब्याला लागलं, त्याच्याच शेजारच्या पातेल्याला नाही.

"हेही स्टील, तेही स्टील, दोन्ही एकाच दुकानातली," त्या चिडून म्हणाल्या. "सख्ख्या बहिणी असून एक बोलते, एक बोलत नाही!"

मग लोखंडी कढईला ते असं खाडकन लागलं की सासूबाईंनी टाळीच वाजवली. पण कढईचं बूड गोल. शेगडीवर ठेवली तर डुगडुग करायला लागली. पुन्हा टीं टीं.

संध्याकाळी आम्ही भांड्यांच्या दुकानात गेलो. तिथे एक पातेलं त्यांच्या मनात भरलं. त्यांनी त्याच्या पोटाला लोहचुंबक लावून बघितलं, ते लागलं. आम्ही विजयी वीरांसारखे घरी आलो. टीं टीं! उलटं करून बघितलं तर पोटाला लागत होतं, बुडाला लावलं की खाली पडत होतं. मी कपाळावर हात मारला. मशीनजवळच्या स्टुलावर त्या मटकन बसल्या आणि बराच वेळ त्या मशीनच्या झाकणावरून हात फिरवत राहिल्या. मला फार वाईट वाटलं.

रविवारी सकाळी आम्ही चहा घेत होतो, तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. सासूबाईंचा आवाज मला टेबलापलीकडून ऐकू आला.

"चिमे! लागलं गं, लागलं! बुडाला लागलं! असं जोरात लागलंय म्हणून सांगू!"

मागे ठण्णकन काहीतरी आपटलं, कुणीतरी "अहो काकू, सांभाळा!" असं ओरडलं, आणि फोन बंद झाला.

बायकोच्या तोंडचं पाणी पळालं. "पडली! मी सांगत होते ना, पडली ती!" आम्ही घरातल्या चपलांनिशी धावलो. सासूबाईंच्या दाराला कुलूप. बायकोने ते उगाचच दोनदा ओढून बघितलं. हॉस्पिटलात फोन करू या, असं मी म्हणतोय, तोच जिन्यातून धापा ऐकू आल्या. कमरेवर भलंमोठं खोकं घेऊन सासूबाई वर येत होत्या. चेहरा नुसता फुललेला.

"आई! कुठे लागलं?"

"बुडाला! सांगितलं ना फोनवर!"

"मग चालतेस कशाला? आधी बस बघू!"

"बसतं की! छान सपाट बसतं! फूटपट्टी लावून बघितलं, जरासुद्धा हलत नाही!"

माझी नजर खोक्यावरच्या पातेल्याच्या चित्राकडे गेली आणि मी कठडा धरून हसत सुटलो. बायकोला समजायला अंमळ वेळ लागला. समजलं तेव्हा तिने आईला, खोक्यासकट, घट्ट मिठी मारली आणि मग दोन्हीवर सारखीच खेकसली.

शेगडीवर नवं पातेलं ठेवलं. आम्ही तिघं श्वास रोखून उभे. टीं टीं नाही! बारीकशी गुणगुण सुरू झाली आणि बघता बघता पाण्याला बुडबुडे फुटले. सासूबाई चक्क नाचल्या. भात मोकळा झाला. मग खोक्यातून दुसरं, पसरट पातेलं निघालं, त्यात बटाट्याची भाजी पडली, आणि त्यांनी दुकानातली हकिकत रंगवायला घेतली. यांनी एकेक भांडं उलटं करायला सुरुवात केली, तसा दुकानदार आधी वैतागला. मग बाकीची गिऱ्हाइकं म्हणायला लागली, काकू, आमचंही बघा ना. मग लोहचुंबक हातोहात फिरलं, आनंदाच्या भरात यांच्याच हातून एक झाकण पडलं...

तेवढ्यात मला वास आला. बायकोलाही आला. भाजी करपत होती. सासूबाई तिथेच, शेगडीला पाठ करून उभ्या, आणि हातवारे करून बोलतच होत्या.

बायको उठली. मला वाटलं, संपलं. तिने झाकण काढलं, उलथन्याने बूड खरवडलं, शेगडीचा आकडा खाली आणला.

"आई, भाजी लागलीय."

सासूबाई बोलता बोलता थांबल्या. एरवी तोंडाला तोंड देणारी ही बाई, पण त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांत भीती दिसली. "मला कळलंच नाही गं," त्या हळूच म्हणाल्या.

बायकोने पातेल्याकडे बघितलं, मग पलीकडच्या खोलीतल्या मशीनकडे.

"भाजीच करपली ना," ती म्हणाली. "घराला तर काही झालं नाही. फोडणी झाली की आकडा इथवर उतरवत जा. आणि झाकणावर पाणी ठेवत जा."

"ठेवत जा?" सासूबाईंनी विचारलं.

"हो. ठेवत जा."

"म्हणजे रोज?"

"रोज," बायको म्हणाली, आणि वाढायला ताटं आईच्या हातात दिली.